ज्याची गाडी त्याचं गाणं

फ्रीमाँटहून सॅन होजेकडे जाणाऱ्या ८८० नंबरच्या हमरस्त्यावर सकाळी आठ वाजता गाडी घालणं म्हणजे आपल्या हातानं आपली साडेसाती ओढवून घेणं. उजवीकडच्या सगळ्या लेन तुंबलेल्या आणि डावीकडची एक मात्र मोकळी. ती टोलची. गाडीत एकटे असाल तर पूर्ण टोल, दोघे असाल तर निम्मा, तिघे असाल तर माफ. काचेला चिकटवलेल्या फास्टट्रॅकच्या डबीला एक खटका असतो. जितकी डोकी तितक्या आकड्यावर तो सरकवायचा. या निम्म्या टोलच्या मोहापायी मी शेजाऱ्याच्या गाडीतून ऑफिसला जायला लागलो आणि माझे दोन्ही कान त्याच्याकडे गहाण पडले.

शेजारी गृहस्थ सज्जन. साठी उलटलेली, पांढरी दाढी छातीवर रुळणारी. ऑफिसात डेटाबेस सांभाळतो, शनिवारी स्वतः लॉन कापतो, आणि आम्ही भारतात गेलो की आमच्या कढीपत्त्याला न सांगता पाणी घालतो. आमच्या घरात त्याला ‘दाढी’ म्हणतात. दाढीला व्यसन एकच, ग्रेटफुल डेड नावाचा जुना अमेरिकन रॉक बँड.

गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आत स्पीकरमधून गिटार सुरू झाली. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, “कुठलं गाणं हे?”

“गाणं सोड,” दाढी म्हणाला. “तारीख विचार.”

मी तारीख विचारली. मिलपिटास येईपर्यंत उत्तर चालू होतं.

त्यातलं डोक्यात शिरलं ते असं. १९६५ साली, इथून खाडीपलीकडे पालो आल्टोत, ही मंडळी जमली. १९९५ साली यांचा मुख्य गिटारवाला जेरी गार्सिया गेला आणि दुकान बंद झालं. मधल्या तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम. कुठल्या रात्री काय वाजवायचं ते आधी ठरलेलं नाही, पाच मिनिटांचं गाणं पंचवीस मिनिटं चाललं तरी कुणाला घाई नाही, आणि ऐकायला आलेल्यांना माइक उभारून टेप करायची मोकळीक. १९८४च्या ऑक्टोबरपासून तर टेपवाल्यांना वेगळी तिकिटं आणि बसायला वेगळी जागा. टेप विकायची नाही एवढाच धर्म. ज्याला हवी त्यानं कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवायचा, आपण भरून परत धाडायच्या. म्हणजे तीच गाणी शेकडो वेळा, दर वेळी निराळी, आणि बहुतेक सगळी टेपवर. भांडायला माणसाला आणखी काय लागतं?

यांची कालगणना की-बोर्डवाल्यावरून चालते. गिटारवाले शेवटपर्यंत तेच राहिले, पण की-बोर्डमागचा माणूस बदलत गेला. म्हणून पिगपेनचा काळ, कीथचा काळ, ब्रेंटचा काळ, व्हिन्सचा काळ. पेशवाईतसुद्धा इतक्या काटेकोरपणे कारकिर्दी मोजत नसतील. प्रत्येक डेडहेडला (हे डेडच्या भक्तांनी स्वतःला घेतलेलं नाव, मी ठेवलेलं नव्हे) एक आवडता काळ आणि त्यातलं एक आवडतं वर्ष असावंच लागतं. मला ते विचारलं गेलं तेव्हा मी ‘सत्त्याहत्तर’ म्हणून मोकळा झालो, कारण तो आकडा सारखा कानावर पडत होता. दाढीनं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

“वसंतातलं की शरदातलं?”

मी वसंत म्हणालो. शरदात आम्हांला दिवाळीची खरेदी असते.

वसंतातलं सत्त्याहत्तर म्हणजे ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. बाहेर मे महिन्यात बर्फ पडत होतं आणि आत हे वाजवत होते. त्या रात्रीची ध्वनिफीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ठेवा म्हणून जपून ठेवली आहे. हे कळल्यावर मी मान डोलावली, तर दाढीचा चेहरा उतरला. कॉर्नेल काय, सगळेच म्हणतात. खरा जाणकार म्हणतो, दुसऱ्या दिवशीचं बफेलो. त्याच्याही वरचा जाणकार दोन्हींकडे पाठ फिरवून १९७२ सालच्या युरोप दौऱ्यात जाऊन बसतो. तिथं बावीस कार्यक्रम आहेत, एक हिवाळा सहज निघतो.

गंमत अशी की १९७७ साली दाढी स्वतः शाळेत होता आणि त्याची आई त्याला रात्री नाक्यापलीकडे सोडत नव्हती. त्यानं डोळ्यांनी पाहिलेले सगळे कार्यक्रम ऐंशीच्या दशकातले, ब्रेंटच्या काळातले. पण ते आवडतात असं चारचौघांत म्हणायची सोय नाही. १९८७ साली यांचं एक गाणं अचानक लोकप्रिय होऊन पहिल्या दहांत गेलं आणि नको ती गर्दी आली, तेव्हापासून जुन्यांच्या लेखी तो काळ बाटलेला. त्यामुळे ब्रेंटची टेप लावायची असली की दाढी आधी काचा वर घेतो.

टेपेतही जाती आहेत. सगळे माइक जिथं जोडलेले असतात त्या यंत्रावरून थेट उतरवलेली ती साउंडबोर्ड, आणि गर्दीत माइक लावून घेतलेली ती ऑडियन्स. पहिल्या जातीत वाद्यं स्वच्छ ऐकू येतात. दुसऱ्या जातीत वाद्यांबरोबर लोक ऐकू येतात, आणि दाढीच्या मते खरी रात्र त्यातच असते. ‘आता ऐक हं’ असं म्हणून तो स्टिअरिंगवरचा एक हात वर करतो. समोर ट्रकची ब्रेकलाइट लागलेली असते, माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो, आणि स्पीकरमधून कुणी एक इसम ‘जेरी!’ असं ओरडतो. तो इसम दाढीला चार टेपांमधून ओळखीचा आहे.

हे सगळं मी निमूटपणे सोसत होतो, कारण मला सवय होती. आमच्या मिरजेच्या घरात दोन लोखंडी कपाटं होती. लहान कपाटात आम्हां सगळ्यांचे कपडे असत. मोठ्यात बाबांच्या कॅसेटी. घरगुती मैफली, दर्ग्यातल्या उरसातलं गाणं, कुणाकुणाच्या वाड्यातल्या बैठका. भरलेल्या कॅसेटच्या पाठीमागचे दोन प्लास्टिकचे दात बाबा सुरीच्या टोकानं मोडून टाकत, म्हणजे त्यावर पुन्हा काही भरता येऊ नये. एका दिवाळीत सगळ्या घराची सफाई राहिली, पण त्यांनी दात मोडले.

गेल्या वर्षी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मिलपिटासला बाबांचे एक जुने मित्र मुलीकडे राहतात. ‘जाता जाता मला तिथं सोडत जा’ असं बाबा म्हणाले. दाढीनं आनंदानं खटका ३ वर सरकवला. टोल माफ झाला. बाबा पुढच्या सीटवर, मी मागे, डब्याच्या पिशवीशेजारी.

दोनच सिग्नल गेले असतील. बाबांनी कान टवकारले.

“हा मधेच खरखर आवाज बदलला, तो बाजू पलटल्याचा ना? नव्वदची कॅसेट दिसतेय.”

दाढीनं गाडी बाजूला घेतली. खरोखर घेतली. मग त्यानं बाबांशी हात मिळवला, आणि त्या दिवसापासून मी त्या गाडीत फक्त टोलच्या हिशेबापुरता उरलो.

बाबांचं इंग्रजी मुख्याध्यापकाचं, शुद्ध आणि सावकाश. दाढीला ते फार आवडे. पहिला तंटा तारखेवरून झाला. दाढीनं डब्यावर ५-८-७७ असं लिहिलेलं दाखवलं, बाबांनी ‘पाच ऑगस्ट’ म्हणून वहीत टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “पण ऑगस्टात बर्फ कसं पडेल?” उलट बाबांनी आणलेल्या हार्ड डिस्कवरची यादी दाढीनं वाचली आणि ७/१२/८१ म्हणजे १२ जुलै धरलं. “जुलैत मिरजेला बैठक कोण ठेवतो? पावसात तंबोरे उतरतात!” बाबा कडाडले. ही सात डिसेंबरची कॅसेट आमच्या घरात आधीपासूनच दुर्दैवी. वर ‘७/१२’ एवढंच ठळक दिसत असल्यामुळे आईनं ती एकदा शेताच्या कागदांच्या फायलीत ठेवली होती आणि बाबा आठ दिवस जेवले नव्हते. (आई म्हणते, दोन. जेवत होते, पण बोलत नव्हते.)

की-बोर्डवाल्यांचा इतिहास बाबांनी लक्षपूर्वक ऐकला. पिगपेन १९७३ साली गेला, कीथ बँड सोडल्यावर १९८० साली मोटार अपघातात गेला, ब्रेंट १९९० साली गेला. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “त्या जागेची कुणी शांत केली नाही का?” याचं इंग्रजी करायला मला पूर्ण एक एक्झिट लागली.

एरवी त्यांचं जमायचं कारण त्यांनाच ठाऊक. दाढी म्हणाला, १९८६ साली जेरी गार्सिया मधुमेहानं बेशुद्ध पडला, उठला तेव्हा त्याला गिटार पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. तेव्हा आजाराआधीचा जेरी वेगळा आणि नंतरचा वेगळा. बाबा बराच वेळ गप्प. मग त्यांनी कुमार गंधर्वांची गोष्ट सांगितली. क्षयानं एक फुप्फुस गेलं, पाच-सहा वर्षं गाणं बंद, आणि त्यानंतर जे उभं राहिलं ते निराळंच गाणं. मिरजेत आजही आधीचे कुमार आणि नंतरचे कुमार यांवरून दोन घरांत जाणं-येणं बंद आहे. दाढीनं विचारलं, “तुम्ही कुठल्या बाजूचे?” बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, जणू मी फितूर होऊन कुठंतरी सांगणार होतो, आणि हलक्या आवाजात सांगितलं.

बेट्टी कँटर-जॅक्सन या बाईंची हकीकत ऐकून मात्र बाबांची झोप उडाली. कॉर्नेल त्यांनीच टेप केलेलं. अशा शेकडो रिळा त्यांच्याकडे होत्या, पण गुदामाचं भाडं थकलं आणि १९८६ साली सगळ्याचा लिलाव झाला. बाबांनी त्याच रात्री मिरजेला माझ्या भावाला फोन लावला. मोठ्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, आणि बोहारीण दारावर आली तर वहिनी काय देते, याची सविस्तर चौकशी झाली.

शिखर गाठलं गेलं ते एका शुक्रवारी. कॉर्नेलच्या त्या रात्रीचा सर्वांत नावाजलेला भाग म्हणजे दोन गाणी एकमेकांत विरघळवून वाजवलेली, त्यातलं दुसरं ‘फायर ऑन द माउंटन’. दाढी सहज बोलून गेला की त्याचं मूळ १९७६च्या दिगा ऱ्हिदम बँडच्या रेकॉर्डमध्ये आहे. डेडचा ड्रमवाला मिकी हार्ट, आणि त्याच्याबरोबर सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजात तबला शिकवणारा झाकीर हुसेन.

“कोण?” बाबा म्हणाले.

“झाकीर. मिकी त्याच्या वडिलांकडेही शिकला. अल्ला रखा.”

बाबांनी सीटबेल्ट सोडला. गाडी ताशी साठ मैलांनी धावत होती. “म्हणजे माहीमचा झाकीर! म्हणजे हे तुमचं कॉर्नेल आमच्याकडून आलं!” पट्टा काढल्याबद्दल गाडी कुईंकुईं ओरडत राहिली, पण त्या दोघांना तो आवाजही ठेक्यात लागला असावा. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचलो. टोल लेनमधून.

जायच्या आधी बाबांनी दाढीला हार्ड डिस्कची प्रत दिली. पैसे अर्थातच घेतले नाहीत, मिरजेहून पुढच्या कॅसेटी पाठवायला टपालखर्चही नको म्हणाले. एकच ताकीद दिली: ७ डिसेंबरच्या फायलीत एक डाग आहे.

तो डाग म्हणजे मी. पाच वर्षांचा असताना बाबांनी मला त्या बैठकीला नेलं होतं. बुवा मध्यलयीत एक लांब तान घेऊन समेवर येत होते आणि मी शिंकलो. चाळीसहून अधिक वर्षं बाबा मला ते ऐकवत आले आहेत. शिंकेचं त्यांना तितकंसं दुःख नाही. “पण अर्धी मात्रा आधी!” ते म्हणतात. “समेवर शिंकला असतास तर एक वेळ चाललं असतं.”

बाबा परत गेले, खटका पुन्हा २ वर आला, आणि मला वाटलं सुटलो. दाढीनं आता गाडीत बुवा लावायला सुरुवात केली आहे. शनिवारी त्याच्या गॅरेजात डेडहेड मंडळींची बैठक असते. बिअर, जुन्या टेपा आणि आवडत्या काळावरून रीतसर वितुष्ट. परवा त्यानं मला तिथं नेलं आणि ७ डिसेंबर लावलं. ऑडियन्स टेप आहे म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. तान आली, शिंक आली, सम आली. दाढीनं तिथंच थांबवून, मागे नेऊन, पुन्हा ऐकवलं. दोन तट पडले. एकाच्या मते शिंकेनं तानेचा घात केला, दुसऱ्याच्या मते ती अर्धी मात्रा मुद्दाम साधलेली होती आणि तिच्यावाचून सम एवढी लागलीच नसती. एकानं तर शिंकेसह आणि शिंकेविना अशा दोन्ही प्रती मागितल्या.

मग दाढीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तो हाच. खोलीत शांतता झाली. उघड्याबोडक्या डोक्याचा, सत्तरीचा एक गृहस्थ खुर्ची ओढून माझ्याजवळ आला आणि अदबीनं म्हणाला, “फारच छान. तुमचं त्या काळातलं आणखी काही आहे का?”