उरलेला डेटा गेला कुठे?

पैसे मोजून घेतलेला डेटा रोज रात्री बारा वाजता आपल्या खात्यातून नाहीसा होतो आणि आपण सारे ते निमूटपणे सहन करतो, याचा आज मला विलक्षण संताप आला आहे.

काल रात्री संगमेश्वरजवळच्या खेड्यात राहणारी माझी भाची मोबाइलवरून अभियांत्रिकी प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरत होती. महाविद्यालयांची माहिती पाहता पाहता तिचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपला, वेग 64 केबीपीएसवर आला आणि पुढचे पान उघडेनाच. "मावशी, फॉर्म अर्धाच भरून झालाय गं," असे ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. मी येथून जादा डेटाचा पॅक टाकला आणि काम झाले. परंतु आदल्या दिवशी ही मुलगी भातलावणीसाठी दिवसभर शेतात होती, मोबाइलला तिचा हातही लागला नव्हता. त्या दिवसाचा दीड जीबी कोणी घेतला?

संपला तर पुन्हा पैसे भरा आणि उरला तर सोडून द्या, हा व्यवहार आपण दुसऱ्या कोणत्या विक्रेत्याकडून चालवून घेतला असता? महिनाअखेरीस सिलिंडरमध्ये गॅस उरला म्हणून एजन्सीचा माणूस तो परत नेत नाही. आपल्याकडे डेटा इतर अनेक देशांपेक्षा स्वस्त आहे, हे मान्य. पण स्वस्त विकलेली वस्तू परत घेण्याचा हक्क त्यामुळे मिळत नाही.

2 एमबीपीएसपेक्षा, म्हणजे 2,000 केबीपीएसपेक्षा, कमी वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचे नाही, असे केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये ठरवले. भाचीला मिळालेला वेग त्याच्या तिसाव्या हिश्शाहूनही कमी होता. शहरात घरोघरी वायफाय असणाऱ्यांना हे जाणवणार नाही. तिच्या वाडीत मात्र मोबाइलखेरीज दुसरे साधन नाही, आणि इतक्या कष्टाने शिकणाऱ्या पोरीला ऐन वेळी असे ताटकळावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

यात तांत्रिक अडचण आहे, असे कृपया कोणी सांगू नये. उरलेला डेटा पुढच्या महिन्यात वापरण्याची सोय अनेक पोस्टपेड योजनांमध्ये आहेच. 28 दिवसांच्या मुदतीमुळे वर्षाला 13 रिचार्ज करावे लागतात, अशी ओरड झाली तेव्हा ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी 2022 मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक 30 दिवसांची योजना ठेवायला लावली. मग प्रीपेड ग्राहकाचा रोजचा उरलेला डेटाही रिचार्जची मुदत संपेपर्यंत त्याच्याच खात्यात राहिला पाहिजे, आणि तो शिल्लक असेपर्यंत त्याच्याकडून जादा पॅकचा एक रुपयाही घेता कामा नये, असा आदेश ट्रायने तातडीने काढावा.