कोनशिलेला निधी, दिव्याला दमडी नाही

नाट्यगृह बांधायला सरकारी पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. इतका साधा घोळ कुठल्याच नगरपालिकेला सोडवावासा वाटत नाही, याचा राग येतो. भांडवली खर्चाच्या शीर्षाखाली आलेला पैसा सिमेंट-सळईवरच घालायचा. त्यातून प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार निघत नाही, जळालेला दिवा येत नाही, दिव्यांचे बार ज्या पोलादी तारांवर लटकतात त्यांची तपासणीही होत नाही. नियम आड येतो म्हणे! अहो, फीत कापायला इमारत लागते. तार बदलली म्हणून कोण फोटो काढून घेणार?

बरं, बांधायला मिळालेला पैसा तरी धड वापरा. पण बांधकामाचा क्रमच असा की पाया, खांब, छत, दर्शनी भाग आधी आणि रंगमंचाची यंत्रणा, दिवे, ध्वनी, भिंतींवरचं ध्वनिशोषक काम सगळ्यात शेवटी. पाया खणताना खडक लागला, पोलाद महागलं, की आकस्मिक खर्चाची तरतूद तिथेच संपते. मग कात्री चालते ती जे अजून विकत घेतलेलं नाही त्यावर. दिवे-पडदे टांगायचे आडवे बार, म्हणजे बॅटन, तीसऐवजी बारा, मोटरऐवजी हाताने ओढायच्या दोऱ्या, कलाकारांना मंचावर आवाज ऐकवणारे मॉनिटर स्पीकर 'पुढच्या टप्प्यात'. हा पुढचा टप्पा कधीच येत नाही. लॉबीतला ग्रॅनाइट मात्र शाबूत, कारण तो आधीच बसलेला असतो. यावर इलाज सोपा आहे. रंगमंचाच्या सामानाचा निधी पहिल्या दिवशी वेगळा बांधून ठेवा आणि बांधकामाच्या ठेकेदाराला त्याला हात लावू देऊ नका. पण मग कमी पडलेले पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न कुणीतरी तोंडावर विचारेल ना, म्हणून करत नाहीत.

नकाशे तर बघवत नाहीत. प्रेक्षकांना दिसणाऱ्या मंचाची जेवढी रुंदी, तिच्या निदान निम्मी जागा मंचाच्या बाजूच्या प्रत्येक विंगेत हवी. नेपथ्य वर ओढून पूर्ण दिसेनासं करायचं तर मंचावरची उंची प्रेक्षकांसमोरच्या दर्शनी चौकटीच्या उंचीच्या साधारण अडीचपट लागते. चौकट 7 मीटर असेल तर साडेसतरा मीटर. प्रत्यक्षात छत 9 मीटरवर, आणि वर ओढलेला पडदा अर्धा लोंबकळत राहतो. सामान उतरवायचा धक्का ट्रकच्या पाट्याच्या उंचीला आणि मंचाच्या सपाटीला हवा. तिथे असतात पायऱ्या आणि एक काटकोनी वळण, ज्यातून नेपथ्याची मोठी सपाट चौकट, म्हणजे फ्लॅट, जातच नाही. फरशीचं तर विचारूच नका. काँक्रीटवर टाइल्स चिकटवायच्या आणि त्यावर नर्तकांना नाचवायचं. रबरी आधारावर लाकडी पट्ट्या, त्यावर प्लाय आणि वरून बदलता येईल असा पातळ थर, एवढंच हवं असतं. गुडघे दुसऱ्याचे असले की खर्च वाचतो.

'बहुउद्देशीय' या शब्दाने तर डोकं उठतं. बोलल्या जाणाऱ्या नाटकाला आवाज विरायला साधारण 1 सेकंद लागावा, मोठ्या वाद्यवृंदाला 2 सेकंदांच्या आसपास. दोन्ही एकाच दालनात हवं तर भिंतींवर सरकते जाड पडदे आणि मंचावर वाद्यवृंदामागे उभं करायचं कवच लागतं. तेच पहिलं कापतात. मग दीड सेकंदाचं दालन तयार होतं, ज्यात संवाद कळत नाहीत आणि व्हायोलिन कोरडं वाजतं. वरून खुर्च्यांचा हव्यास! न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधलं फिलहार्मोनिक हॉल 1962 साली उघडलं. मूळ आराखड्यातल्या खुर्च्या वाढवल्या होत्या आणि आवाज बिघडला. 1976 मध्ये आतून पाडून पुन्हा बांधलं, 2022 मध्ये परत, आणि तेव्हा खुर्च्या 2,738 वरून 2,200 वर आणल्या. सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा मूळ अंदाज 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, आणि 1973 साली उघडेपर्यंत खर्च 10.2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला. एवढं करून मोठ्या दालनात बसवलेली मंचयंत्रणा उखडून टाकली आणि ऑपेरा अरुंद विंगांच्या छोट्या दालनात ढकलला. हे सगळं छापील उपलब्ध आहे. वाचतो कोण?

वातानुकूलनाची हवा मोठ्या डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळीतून, सावकाश आली तरच ती ऐकू येत नाही. सर्वात कमी दराची निविदा लहान डक्ट लावते, हवेचा वेग वाढतो आणि प्रत्येक हळव्या प्रवेशात फुस्स आवाज. छत एकदा बंद झालं की मोठा डक्ट मावत नाही, म्हणजे दुरुस्तीही नाही. तसंच विजेचं. दिवे मंद-प्रखर करणारे थायरिस्टर डिमर आणि ध्वनियंत्रणा एकाच ट्रान्सफॉर्मरवर टाकली की दिवे मंद करताच स्पीकर गुणगुणतात. डिमरमुळे न्यूट्रलमधला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेतला, प्रवाह वीज आणणाऱ्या फेजच्या तारेपेक्षाही जास्त होऊ शकतो, तरी न्यूट्रलची तार बारीक घालून पैसे वाचवणारे महाभाग आहेतच.

आणि हे सगळं नीट झालं तरी पुढे काय? इमारत आज नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल, त्याच्या 2 ते 4 टक्के दरवर्षी देखभालीला लागतात, हा अनेक दशकांपासूनचा ठोकताळा आहे. अंदाजपत्रकात तिथे शून्य किंवा 'भाड्यातून भागेल'. नाही भागत! बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी हे 1960 च्या दशकातच दाखवून दिलं. चार वादकांची रचना वाजवायला आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो, पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढतात. तूट राहणारच. ती भाडं वाढवून भरून काढायला गेलात की हौशी संस्था बाहेर, कंपन्यांचे मेळावे आत. म्हणजे ज्यांच्या नावाने निधी मागितला, तेच दाराबाहेर.

अनुदानं मिळतात तीही 'नवीन उपक्रमा'साठीच, आणि आधी खर्च करा, पावत्या द्या, मग परतावा. मधले महिने संस्थेने कशावर काढायचे? पैसा सुटतो आर्थिक वर्ष संपताना, खर्च करायची मुदत दोन आठवडे. मग जे पटकन मिळेल ते खरेदी होतं. हलते दिवे येतात, ते चालवायचा कन्सोल येत नाही आणि कन्सोल आलाच, तर तंत्रज्ञाचं पद रिक्त असतं.