असोदा ते भादली, पायी

मागच्या श्रावणात जळगावजवळच्या असोद्याहून भादलीकडे शेताशेतानं चालत गेलो. असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. भादलीला १९१८ च्या मे महिन्यात बालकवी रेल्वे अपघातात गेले, अवघ्या २७ व्या वर्षी. त्या वेळी बहिणाबाई ३७-३८ वर्षांच्या, जळगावात सासरी शेतात राबत होत्या. त्यांच्या ओव्या मुलानं आणि त्याच्या मावसभावानं टिपून ठेवल्या नसत्या तर आपल्यापर्यंत आल्याच नसत्या. पुस्तक निघालं १९५२ ला, त्या गेल्यानंतर.

दोघांची शिवारं इतकी जवळ, आणि अभ्यासक्रमात दोघं इतके लांब! बालकवी ‘निसर्गकवी’, बहिणाबाई ‘जीवनाचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्या’. ही वाटणी मला आता अजिबात पटत नाही.

दोन दिवस पाऊस उघडला होता. कपाशी गुडघ्याएवढी, पलीकडे केळीचे बाग. बांधाच्या कडेचा चिखल चपलेला असा धरत होता की शेवटी चपला हातातच घेतल्या. वाळलेल्या भागात मात्र पायवाट चक्क पांढरी दिसत होती. जमीन काळीभोर, पण माणसांच्या आणि बैलांच्या पायांखाली तुडवून वाळली की तीच राखेसारखी फिकट होते. मी तिथेच थांबलो. बालकवींच्या ‘औदुंबर’मधली पांढरी पायवाट मी शाळेपासून निव्वळ रंगसंगती म्हणून वाचत आलो होतो. आठ ओळींची कविता, त्यात निळा, हिरवा, काळा, तसा हाही एक रंग. पण तो रंग चालणाऱ्यांनी केलेला असतो, हे उभं राहून बघेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. काही पुरे, काही अर्धे. एक पक्षी गवताची हिरवी चिरी चोचीत धरून आला, उलटा लटकला, चिरी आत खोचली, दुसऱ्या बाजूनं ओढून काढली, पुन्हा खोचली. दहा मिनिटं तरी मी बघत होतो. खोपा नर विणतो, हे पक्षी अभ्यासणारे सांगतात. ‘खोप्यामधी खोपा’ या कवितेत बहिणाबाईंनी ते काम सुगरणीच्या नावावर केलं, पण एवढ्याशा चोचीनं चाललेलं विणकाम त्यांनी किती जवळून पाहिलं असेल! मग बहिणाबाई माणसाच्या दोन हातांकडे आणि दहा बोटांकडे वळतात. हे तत्त्वज्ञान नंतरचं, आधी नजर. पेरलेल्या बियांवर मातीची शाल पांघरणारी बाई निसर्गकवी नाही, तर मग कोण आहे?

२०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, त्याचा मनापासून आनंद झाला. आता या दोन गावांमधून मुलांना पायी न्यायला हवं. ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहून लिहून आपण या कवितांमधली मातीच काढून टाकली. मुलांना आधी विहिरीवरचा खोपा दाखवा, त्याखाली उभं राहून कविता म्हणा, आणि प्रश्न विचारूच नका. मुलं विचारतील.

येत्या श्रावणात मी पुन्हा जाणार आहे. बरोबर यायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा. बूट घालून येऊ नका, काळ्या मातीत रुतून बसतात.