आधार व्हॅलिड आहे ना?

आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते. पोरगी आठवीत जाणार म्हटल्यावर एप्रिलपासूनच घरी हायस्कुलांच्या गुरुजनांची रीघ लागली. एरवी नमस्काराला मानही न हलवणारे सर ओट्यावर मांडी घालून आमच्या चहाला ‘फर्स्टक्लास’ म्हणू लागले. पोरांचा पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद जातं, सर अतिरिक्त ठरतात आणि दुसऱ्या कुठल्या शाळेत समायोजन होईल ते देव जाणे. आणि पट मोजतात तो आधारावरून. त्यामुळे पोरीला गणितात मार्क किती, हे कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला : “आधार व्हॅलिड आहे ना?”

पंचक्रोशीत हायस्कुलं तीन. एक ओढ्यापलीकडं, दुसरं साखर कारखान्याच्या रस्त्याला, तिसरं तालुक्याला, मोहोळला. तिन्ही अनुदानित, पुस्तकं तीच, बोर्डही तेच पुण्याचं. मग तुलना करायची कशावर?

निकालावर, असं मेव्हणे म्हणाले. तर स्टँडवर तिघांचेही फ्लेक्स, तिन्हींवर ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’. नापास होणारी पोरं जातात तरी कुठं, असं एका सरांना विचारलं, तर ते नुसते हसले. नंतर शेजारच्या पोरानं सांगितलं. कच्च्या पोरांना नववीतच सतरा नंबरच्या फॉर्मचा प्रेमळ सल्ला मिळतो. पोरं दहावीला बाहेरून बसतात, परंपरा आत उज्ज्वल राहते.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे हेच. एका हायस्कुलानं तो आदर्श थेट गेटवर चिकटवलाय. मी मोबाईल धरला, तर संस्थापकांच्या वाढदिवसाचा व्हिडिओ सुरू झाला. केक मोठा होता.

आबांचा निकष एकच : “मास्तर हाणत्यात का?” कायद्यानं छडी बंद झालीय म्हटल्यावर, “मग धाडायचीच कशाला लगा?” म्हणून ते गोठ्याकडं निघून गेले.

खरी तपासणी केली ती आमच्या मंडळींनी. मुख्याध्यापक कपाटातल्या ढाली दाखवत होते, हिनं मुलींचं स्वच्छतागृह दाखवा म्हटलं. केबिनमध्ये एकदम शांतता. कारखान्याकडच्या शाळेत त्याला कुलूप, किल्ली शिपायाकडं आणि शिपाई लग्नाला. मोहोळला दार होतं, पाणी होतं, वर आरसासुद्धा होता. ओढ्यापलीकडं पाणी होतं, कडी नव्हती. कडी आठवड्यात बसवतो, असं सरांनी पोरीच्या आधारकार्डाची झेरॉक्स घेता घेता कबूल केलं. (बसवली. पटसंख्येची भीती अशी कामाला येते.)

म्हणजे मोहोळच की, असं मलाही वाटलं. पण आडवी आली एसटी. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, हे खरंच मोठं काम. फक्त पास वापरायला गाडी यावी लागते. सकाळची आमच्या फाट्यावर थांबेल की नाही, हे ड्रायव्हरच्या मर्जीवर. संध्याकाळची येते तेव्हा दिवेलागण उलटलेली असते.

एवढा खल चालू असताना पोरगी शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडत ऐकत होती. मग म्हणाली, ओढ्यापलीकडच्या शाळेतच जायचं, आम्ही मैत्रिणींनी कधीच ठरवलंय. कारण विचारलं, तर तिथली खिचडी भारी असते म्हणे. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, म्हणजे एकच वर्ष हातात आहे. ते तिला वाया घालवायचं नव्हतं.