सेफ्टी म्हणजे पळपुटेपणा? फोंड्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. पूलमधल्या सेफ्टीवरच्या, म्हणजे समोरच्याला सोपा फटका उरू नये असं खेळण्यावरच्या, माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंय, "पॉट जमत नाही म्हणून पांढरा लपवून ठेवायचा, याला खेळ म्हणत नाहीत. शॅकवर तासाचे पैसे मोजून आम्ही पॉट बघायला जातो, लपंडाव नाही." (पॉट म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालणं, पांढरा म्हणजे क्यूने मारायचा बॉल.) पैशांचं पटलं. बाकीचं अजिबात नाही.

पुढे तुम्हीच म्हणता की तुमच्याकडे फाउल झाला की पांढरा टेबलाच्या सुरुवातीच्या रेषेमागून खेळायचा, एवढीच शिक्षा. गोम इथेच आहे. या नियमात सेफ्टी लावणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. उलट सेफ्टी लावणाऱ्याचे बॉल रेषेमागेच, म्हणजे थेट मारता येणार नाहीत असे असले, तर मुद्दाम फाउल करणाराच फायद्यात! जागतिक नियमांत फाउलनंतर पांढरा हातात मिळतो, हवा तिथे ठेवा. नाइन बॉल या पूलच्या प्रकारात सलग तीन फाउल झाले की गेमच गेला. आणि नुसतं हळूच टेकवून बसायची सोयही नाही. काही पॉट झालं नाही, तर टक्कर झाल्यावर एखादा तरी बॉल कुशनला लागलाच पाहिजे.

आता एक साधी सेफ्टी बघा. तुमचा बॉल पांढऱ्यापासून वीतभर अंतरावर आहे, पॉकेटला कोन नाही, आणि बाजूलाच आठ नंबर उभा आहे. पूर्ण भरून, म्हणजे बॉलच्या मधोमध, स्टन मारलात (पांढरा न गडगडता घसरत जाऊन आदळेल असा फटका) तर तुमचा बॉल सगळा वेग घेऊन पलीकडच्या कुशनला जातो आणि पांढरा जागीच, आठ नंबरच्या आडोशाला थांबतो. क्यू केसभर वर लागला की पांढरा पुढे सरकलाच. झाला आडोसा खलास. त्यात आपला पावसाळा. दमट कापडावर पांढऱ्याचं घसरणं लवकर संपतं, म्हणून मे महिन्यातल्यापेक्षा जरा खाली मारावं लागतं. पळपुट्याला एवढा हिशेब कशाला लागेल?

राहिला प्रेक्षकांचा मुद्दा. १९८५ च्या जागतिक स्नूकर अंतिम सामन्यात डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस १७-१७ फ्रेमवर होते, शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर पॉट करायला फक्त काळा बॉल. दोघेही आधी बराच वेळ त्याला झुलवत राहिले. मध्यरात्र उलटली तरी ब्रिटनमधले १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर होते.

पुढच्या शनिवारी मित्रांना सांगून फाउलला पांढरा हातात द्या. फक्त टेबल तासावर घेऊ नका, गेमवर ठरवा. सुरुवातीला गेम लांबतात.