मागे सरकलेलं दीपगृह

काल सीफर्डपासून ईस्टबोर्नपर्यंत चालले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची ही वाट साधारण 21 किलोमीटरची. ककमियर नदीच्या मुखाशी पोचलं की सेव्हन सिस्टर्स या खडूच्या टेकड्यांच्या रांगेचे चढउतार सुरू होतात. एक टेकडी उतरली की लगेच दुसरी, मांड्या भरून येतात. पण मागे वळून पाहिलं की खडूचे कडे उन्हात असे झळकतात की दमणूक विसरायला होते.

हे कडे इतके पांढरे राहतात, कारण ते सतत कोसळत असतात. लाटा पायथा पोखरतात, वरचा भाग ढासळतो आणि ताजा खडू उघडा पडतो. कोसळणं थांबलं तर त्यावर गवत चढेल. म्हणून अगदी टोकावर पाय सोडून फोटो काढणारे दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. खाली पोकळी आहे की नाही हे वरून कळत नाही. इकडे आलात तर कृपा करून तसं बसू नका.

बर्लिंग गॅपच्या पुढे बेल टूटचं जुनं दीपगृह लागतं. ते 1834 साली सुरू झालं. जहाज कड्याच्या फार जवळ आलं की कड्याची कडच दिव्याला झाकेल आणि खलाशी सावध होईल, अशी त्याची जागा निवडली होती. पण धुकं वर चढलं की दिवाच गडप व्हायचा, शिवाय कडा झिजत गेला तसं ते गणितही बिघडलं. 1902 मध्ये बीची हेडच्या 162 मीटर उंच कड्याखाली, थेट समुद्रात नवं दीपगृह उभं राहिलं. तेच ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं.

पुढे कडा बेल टूटच्या दाराशी आला, तेव्हा 1999 मध्ये ती 850 टनांची इमारत जॅक लावून 17 मीटर मागे ढकलली. किनाऱ्याची वाट ढासळली तर ती आत सरकवता यावी, अशी तरतूदही इथल्या 2009 च्या कायद्यात आहे.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. तिथे समुद्र आत आला, सुरूची झाडं उन्मळून पडली की आम्ही दगड टाकतो. बंधारा होतो, मग शेजारच्या वाडीची वाळू जाते, मग तिथेही बंधारा. ज्यांची घरं पिढ्यानपिढ्या काठावर आहेत त्यांना बंधारा हवाच, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण नवा रस्ता, नवं रिसॉर्ट भरतीरेषेला टेकवून कशासाठी? चार पावलं आत बांधा ना.

बेल टूटचा नवा पाया मुद्दाम असा घातलाय, की कडा पुन्हा जवळ आला तर इमारत आणखी मागे नेता येईल.