दुखणं अंगावर काढू नका

चिकुनगुनियानंतरची अंगदुखी महिन्याभरात आपोआप जाते, असं नुकतंच एका लेखात वाचलं. अनेकांची जातेही, पण काहींची महिनोन्‌महिने राहते. माझ्या सासूबाईंना ताप उतरल्यावरही वेणी घालायला हात वर नेता येईना, पाटावरून उठताना भिंत धरावी लागे. वयोमानाने होतं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. नंतर एका डॉक्टरांनी नीट विचारलं: नुसतं दुखतं की ताकदच कमी झालीय? हा फरक फार मोलाचा आहे. ताकद गेली असेल तर सीपीके ही साधी रक्ततपासणी स्नायूंना इजा झालीय का ते सांगते. त्यांचं सीपीके वाढलेलं होतं, आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तर खूपच जास्त. म्हणजे मूळ थायरॉईडमध्ये होतं, तापाचं फक्त निमित्त! ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या यांनीही स्नायू दुखतात, तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवाच. सांधे सुजत असतील, सकाळी आखडत असतील, तर सीआरपी आणि अँटी-सीसीपी या सूज व संधिवात तपासणाऱ्या रक्ततपासण्या करा आणि संधिवाततज्ज्ञांना दाखवा. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कृपा करून मेडिकलवाल्याकडून परस्पर स्टेरॉइड घेऊ नका.